फ्रीज ओट्याच्या आधी ठरवावा

नव्या घराचा ताबा मिळाला की स्वयंपाकघराचे काम साधारण एकाच क्रमाने होते. आधी फरशी, मग ओटा, नळजोडणी, विजेचे पॉइंट, ओट्याखालच्या ट्रॉल्या, वरची कपाटे आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत मावेल असा फ्रीज. आमच्या घरी आठ वर्षांपूर्वी हेच झाले. आराखड्यात फ्रीजसाठी भिंतीलगतचा कोपरा राखलेला होता, त्याची रुंदी फ्रीजपेक्षा दोन इंच जास्त होती आणि कागदावर सारे नीट दिसत होते. फ्रीज बसवल्यावर मात्र लक्षात आले की बिजागरीच्या बाजूला भिंत असल्यामुळे दार काटकोनापलीकडे उघडत नाही, आणि दार तेवढेच उघडले तर भाजीचा ड्रॉवर दाराच्या आतल्या कप्प्यांना अडकून पूर्ण बाहेर येत नाही. सहा महिने तो ड्रॉवर तिरका करून ओढल्यावर शेवटी शेजारचे नवे कपाट कापून फ्रीज सरकवावा लागला. तेव्हापासून नवे स्वयंपाकघर करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, की ओट्याचे माप ठरण्याआधी फ्रीज ठरवा. तो विकत नंतर घेतला तरी चालेल, पण त्याचा प्रकार आणि त्याची मापे आधी कागदावर यायला हवीत.

जागेपासूनच सुरुवात करू. फ्रीजला लागणारी जागा म्हणजे केवळ त्याच्या खोक्याची लांबी-रुंदी नव्हे. त्याच्या मागे आणि बाजूंना हवा खेळण्यासाठी मोकळी पट्टी लागते, पुढे दार फिरण्यासाठी जागा लागते आणि उघड्या दारासमोर वाकून उभ्या असलेल्या माणसालाही जागा लागते. शहरातल्या पुष्कळ सदनिकांमध्ये स्वयंपाकघर सात फूट रुंद असते, म्हणजे सुमारे २१३ सेंटीमीटर. एका भिंतीला ६० सेंटीमीटर खोलीचा ओटा असेल, तर १५३ सेंटीमीटर उरतात. समोरच्या भिंतीला ६८ सेंटीमीटर खोलीचा दोन दारी फ्रीज ठेवला, की राहतात ८५ सेंटीमीटर. त्याचे ६० सेंटीमीटर रुंदीचे दार काटकोनात उघडले, की ओट्यापर्यंत उरते जेमतेम २५ सेंटीमीटर, आणि तेवढ्यातून कोणीही जाऊ शकत नाही. कोणी शेगडीपाशी उभे असेल तर दुसऱ्याला फ्रीज उघडता येणार नाही, आणि सकाळच्या डब्यांच्या घाईत ही अडचण रोज येते. अशा स्वयंपाकघरात फ्रीज ओट्याच्याच रांगेत, टोकाला ठेवणे किंवा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवणे अधिक सोयीचे ठरते. फ्रीज बाहेर ठेवण्यात काही जणांना कमीपणा वाटतो, तो वाटण्याचे कारण नाही. पाण्याच्या बाटलीसाठी दिवसभर ये-जा करणारी मुले त्यामुळे गरम तव्यापासून लांब राहतात, हा फायदाच आहे.

शेगडी, सिंक आणि फ्रीज या तीन ठिकाणांमध्ये स्वयंपाक करणाऱ्याची सतत फेरी होत असते. या तीन बिंदूंच्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू साधारण ४ ते ९ फूट असावी, असा स्वयंपाकघराच्या आखणीतला जुना आणि आजही उपयोगी पडणारा संकेत आहे. ४ फुटांपेक्षा कमी अंतर झाले की शेगडीची उष्णता फ्रीजच्या अंगाला लागते आणि फोडणीचे तेल दारावर बसते. ९ फुटांपेक्षा जास्त झाले की पाय दुखतात. फ्रीजशेजारी हातभर तरी ओटा किंवा टेबल असावे, म्हणजे दुधाचे पातेले काढून ते खाली ठेवायला जागा मिळते. ती नसली की एका हातात पातेले आणि दुसऱ्या हाताने दार लोटणे, हा प्रकार सुरू होतो. ड्राय बाल्कनीत फ्रीज ठेवण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी. तिथे ऊन आणि पावसाची झड दोन्ही येतात, आणि फ्रीजला दोन्ही सोसत नाहीत.

बिजागरी कोणत्या बाजूला हवी, हेही याच वेळी ठरवावे. बहुतेक फ्रीजची बिजागरी उजवीकडे असते, म्हणजे दार डावीकडून उघडते. त्यामुळे ओटा फ्रीजच्या डाव्या हाताला असेल तर काढलेली वस्तू थेट ओट्यावर जाते. ओटा उजवीकडे असेल तर दर वेळी उघड्या दाराला वळसा घालावा लागतो. काही मॉडेलमध्ये बिजागरी बदलून घेता येते, पण सर्वांमध्ये नाही, म्हणून खरेदीआधी विचारून घ्यावे. आणि बिजागरीच्या बाजूला भिंत असेल, तर ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला किती जागा सोडावी लागते, याचा आकडा त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. आमच्या कोपऱ्यात हाच आकडा कोणी पाहिला नव्हता.

आता प्रकार. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बजेटचा येतो आणि दुसरा लिटरचा, पण त्याआधी आपल्या घरात फ्रीजमध्ये खरोखर काय ठेवले जाते, हे लिहून काढावे असे मला मनापासून वाटते. दोन आठवडे रोज रात्री दार उघडून पाहावे आणि नोंद करावी. साध्या शाकाहारी मराठी घरात दूध, साय, विरजण, ताक, लोणी, भिजवलेली कडधान्ये, इडलीचे पीठ, निवडलेली पालेभाजी, कोथिंबीर, खवलेला नारळ, उरलेली आमटी आणि मळून ठेवलेली कणीक, असा ऐवज निघतो. यातले जवळजवळ सगळे थंड कप्प्यातले आहे. गोठवण्याच्या कप्प्यात बर्फाचा ट्रे, हिवाळ्यात सोलून ठेवलेला मटार आणि मे महिन्यातला आमरस, एवढेच जाते. याउलट कोकणी घरात आठवड्याचे पापलेट, सुरमई, कोलंबी एकदम येते, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळासाठी साठाही केला जातो. या दोन घरांतल्या माणसांची संख्या सारखी असली, तरी त्यांना एकच फ्रीज सोयीचा होणार नाही.

हे नीट कळण्यासाठी फ्रीज थंड कसा होतो, ते थोडक्यात पाहावे लागेल. फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. नळ्यांमधून फिरणारा वायू आतल्या बाजूला द्रवाचा वायू होताना उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आणि बाहेरच्या नळ्यांमध्ये तो पुन्हा द्रव होताना ती उष्णता खोलीत सोडतो. पूर्वी या बाहेरच्या नळ्या फ्रीजच्या पाठीवर काळ्या जाळीसारख्या दिसत. आता अनेक फ्रीजमध्ये त्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असतात, त्यामुळे फ्रीजची अंगे हाताला गरम लागतात. तो बिघाड नसून उष्णता बाहेर पडण्याची ती वाट आहे, आणि म्हणूनच बाजूंना चिकटून कपाट करणे हानिकारक ठरते.

एकदारी, साध्या फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्याभोवतीचा थंड पत्रा हवेला थंड करतो आणि जड झालेली थंड हवा आपोआप खाली उतरते. यात पंखा नसतो, रचना साधी असते, वीज कमी लागते, किंमत कमी असते आणि पालेभाजी फारशी सुकत नाही. पण दर वेळी दार उघडले की बाहेरची दमट हवा आत येते आणि तिच्यातले बाष्प त्या पत्र्यावर बर्फ होऊन साचते. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनारपट्टीच्या गावांत पावसाळ्यात हा बर्फ फार लवकर वाढतो. साचलेला बर्फ उष्णतेला अडवतो, त्यामुळे कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि तरीही आतले दूध पुरेसे गार होत नाही. मग बटण दाबून बर्फ वितळवावा लागतो. तो सुरीने खरवडून काढण्याचा मोह अनेकांना होतो, पण पत्र्यातली नळी फुटली की वायू निघून जातो आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

फ्रॉस्ट फ्री म्हटल्या जाणाऱ्या फ्रीजमध्ये थंड नळ्या मागच्या पडद्याआड असतात, पंखा त्यांच्यावरून हवा सगळीकडे खेळवतो, आणि ठरावीक वेळाने एक छोटा हीटर त्या नळ्यांवरचा बर्फ वितळवतो. ते पाणी मागच्या तबकात उतरून कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. घरच्या माणसाला काहीच करावे लागत नाही, हे त्याचे मोठे सुख आहे. त्याबदल्यात फिरती कोरडी हवा उघड्या वस्तू सुकवते, म्हणून कणीक, कापलेली फळे, कोथिंबीर झाकणाच्या डब्यातच ठेवावी लागते. शिवाय हवेची तोंडे पातेल्यांनी बंद केली की एक कोपरा गोठतो आणि दुसरा कोमट राहतो. एकटा माणूस, दोघांचे घर, किंवा जिथे रोज ताजी भाजी मिळते अशा गावातले छोटे कुटुंब असेल, तर एकदारी फ्रीज पूर्ण समाधान देतो, असे माझे मत आहे. त्यात मासळी मात्र फार दिवस ठेवू नये, कारण बर्फाचा कप्पा मुख्य दाराच्या आतच असतो आणि दार उघडताच तोही तापू लागतो.

गोठवण्याच्या कप्प्याची ताकद पाहण्यासाठी एक वेगळी खूण आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणी पाहत नाही. त्या कप्प्यावर किंवा माहितीपुस्तिकेत लहान चांदण्या छापलेल्या असतात. त्यांचा वीजबचतीच्या स्टारशी काही संबंध नाही. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस. चार चांदण्या म्हणजे तो कप्पा उणे १८ अंश राखतोच, शिवाय ताजी वस्तू नव्याने नीट गोठवूही शकतो. महिनाभर मासे किंवा मटार ठेवायचे असतील तर उणे १८ अंश हवेतच.

दोन दारांच्या फ्रीजमध्ये फ्रीजर वर असलेला प्रकार सर्वांत जास्त खपतो आणि त्याची किंमतही आवाक्यात असते. पण त्यात भाजीचा ड्रॉवर तळाशी, पावलांजवळ येतो आणि दिवसातून क्वचित उघडला जाणारा फ्रीजर डोळ्यांसमोर राहतो. घरात गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील, तर फ्रीजर खाली असलेला फ्रीज घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी घ्यावा. रोजचे दूध, ताक, भाजी उभ्याने हाताला येते आणि महिनाभरातच त्याचा फरक जाणवतो. काही फ्रीजमध्ये वरचा फ्रीजर बटणाने साध्या थंड कप्प्यात बदलता येतो. ज्यांच्या घरी गणपतीत, लग्नकार्यात किंवा आंब्याच्या दिवसांत अचानक जास्त जागा लागते, त्यांना ही सोय खरोखर उपयोगी पडते.

शेजारी-शेजारी दोन उभी दारे असलेला मोठा फ्रीज आता मध्यमवर्गीय घरांतही येऊ लागला आहे. त्याची रुंदी सुमारे ९० सेंटीमीटर असते, पण ती मधल्या भिंतीने विभागलेली असते, त्यामुळे दोन्ही कप्पे अरुंद आणि उंच होतात, फ्रीजरचा तर फारच अरुंद. मोदकांची परात, केकचे खोके, श्रीखंडासाठी चक्क्याचे रुंद पातेले, यातले काही त्या फ्रीजरमध्ये आडवे बसत नाही. त्याचा एक खरा गुण असा, की दारे अरुंद असल्यामुळे पुढे कमी जागा लागते. पण ज्या शाकाहारी घरात फ्रीजर अर्धा रिकामा राहणार आहे, तिथे एकूण लिटरचा मोठा हिस्सा बर्फासाठी विकत घेणे मला योग्य वाटत नाही. वर दोन दारांत थंड कप्पा आणि खाली फ्रीजरचे ड्रॉवर, असा फ्रेंच डोअर प्रकार भारतीय भांड्यांना अधिक मानवतो, कारण त्याचा वरचा कप्पा पूर्ण रुंदीचा असतो. मात्र त्याची किंमत बरीच जास्त असते.

लिटरबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्यावी. जाहिरातीत बहुधा एकूण घनफळ सांगितले जाते. त्यात कप्पे, ड्रॉवर, दिवा, हवेच्या वाटा यांनी अडवलेली जागाही मोजलेली असते. प्रत्यक्ष वापरता येणारे घनफळ त्याहून कमी असते. वीजबचतीचे स्टार ठरवणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०२३ पासूनच्या नियमांनुसार स्टारच्या लेबलवर हे दोन्ही आकडे द्यावे लागतात. तुलना करताना वापरता येणाऱ्या घनफळाचाच आकडा पाहावा. दोघांसाठी १८० ते २०० लिटर, चौघांच्या घरासाठी २५० ते ३०० आणि सहा किंवा अधिक माणसांसाठी ३५० च्या पुढे, हा माझा अंदाज आहे, पण भाजी रोज आणणारे चौघांचे घर २२० मध्ये आनंदाने राहते आणि रविवारी आठवड्याचा बाजार करणाऱ्या चौघांना ३०० अपुरे पडतात. लिटरपेक्षा भांड्यांची उंची अनेकदा निर्णायक असते. आपले सर्वांत मोठे पातेले झाकणासह मोजावे, परातीचा व्यास मोजावा, आणि दुकानात गेल्यावर कप्प्यांमधले अंतर टेपने पाहावे. कांदे, बटाटे आणि केळी मुळात फ्रीजबाहेरच चांगली राहतात. त्यांच्यासाठी जाळीची टोपली घेतली तर कित्येक लिटर वाचतात.

हवामानाचा विचार विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी अधिक काळजीने करावा. फ्रीजच्या आत किंवा पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा हवामान-वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो. चंद्रपूर, नागपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे बंद स्वयंपाकघरात दुपारी ‘टी’ वर्गाच्या फ्रीजचीही कसोटी लागते. तिथे ‘टी’ वर्गच घ्यावा, पश्चिमेची तापणारी भिंत टाळावी, आणि मोकळी पट्टी माहितीपुस्तिकेत सांगितली असेल त्याहून थोडी जास्तच सोडावी. कपाटात फ्रीज बसवायचा असेल तर वरून गरम हवा निघून जाण्याची वाट ठेवल्याशिवाय सुताराला काम पुरे करू देऊ नये.

वीजबचतीचे स्टार पाहताना त्याखालचा वर्षाला लागणाऱ्या युनिटचा आकडा वाचावा, कारण स्टारची गणना त्या फ्रीजच्या आकारमानाप्रमाणे होते. मोठ्या पंचतारांकित फ्रीजला लहान त्रितारांकित फ्रीजपेक्षा जास्त वीज लागू शकते. निकषही काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलवरचा कालावधी पाहावा. पैशांचा हिशेब असा मांडता येतो. समजा, एका फ्रीजला वर्षाला २३० युनिट लागतात आणि दुसऱ्याला १६०. फरक ७० युनिटचा. महावितरणचे बिल टप्प्यांनी वाढते, १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा आणि पुढे आणखी चढा. म्हणून वाचलेले युनिट आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात. त्या टप्प्याचा दर सर्व आकारांसह १४ रुपये धरला, तर वर्षाला ९८० रुपये आणि १० वर्षांत ९,८०० रुपये वाचतात. दोन फ्रीजच्या किमतीतला फरक याहून कमी असेल तर महाग फ्रीजच स्वस्त पडतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हा वीज वाचवण्याचा एक मार्ग आहे. तो पूर्ण वेगाने चालू-बंद होत राहण्याऐवजी गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, म्हणून आवाज कमी येतो आणि तापमान स्थिर राहते.

जिथे लोडशेडिंग असते किंवा व्होल्टेज खाली-वर होते, अशा गावांत फ्रीज किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतो, ते विचारून घ्यावे आणि घरचे व्होल्टेज त्या मर्यादेबाहेर जात असेल तर वेगळा स्टॅबिलायझर लावावा. वीज गेल्यावर दार बंद ठेवले तर थंड कप्पा सुमारे ४ तास सुरक्षित राहतो, पूर्ण भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. पॉइंट काढतानाच इलेक्ट्रिशियनला फ्रीजसाठी स्वतंत्र, नीट अर्थिंग केलेला पॉइंट द्यायला सांगावे, आणि त्याचे बटण फ्रीजच्या पाठीमागे न येता बाजूला, हात पोहोचेल असे असावे. फ्रीज सरकवल्याशिवाय तो बंद करता येत नसेल, तर शॉर्टसर्किटच्या वेळी ते बटण काहीच कामाचे नाही.

ही सारी मापे जमली, की ओटा टाकण्याआधी फरशीवर खडूने फ्रीजचा चौकोन आणि दाराचा कमानीसारखा घेर आखावा, घरातल्या दोघांनी एकाच वेळी तिथे उभे राहून पाहावे, आणि इमारतीच्या लिफ्टपासून स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंतची प्रत्येक रुंदी मोजावी. अडीच फुटी चौकटीतून आत जायला प्रत्यक्षात ७० सेंटीमीटरच्या आसपासच वाट मिळते, आणि मोठ्या फ्रीजची दारे काढून तो बाजूने फिरवून आत न्यावा लागतो, तेही जमेलच असे नाही. फ्रीज घरी आल्यावर पुढचे पाय किंचित उंच करावेत, म्हणजे दार आपोआप मिटते. वाहतुकीत तो आडवा ठेवला असेल तर काही तास उभा राहू द्यावा आणि मगच सुरू करावा. पहिल्या रात्री मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात तापमापक ठेवून सकाळी पाहावे. पारा ४ अंशांवर किंवा त्याच्या खाली असेल, तर दुधाचे पातेले आत ठेवायला हरकत नाही.